गुन्हा गर्दीवर, तारीख एकट्याला

पोलिसांच्या फिर्यादीत एक जुना शब्दप्रयोग हमखास सापडतो, ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’. एरवी आपण ‘काय मंडळी, चहा घ्यायचा का?’ म्हणतो, तीच ही मंडळी. फिर्यादीतल्या मंडळीत मात्र किमान पाच जण लागतात. सहावा कोण, साठावा कोण, दोनशेवा कोण, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून चार-सहा नावं झाली की पुढं ‘व इतर अनोळखी इसम’ असं लिहून मोकळं व्हायचं. या ‘इतर’मध्ये कोण असतं? बहुतेक वेळा आपल्याच वयाची पोरं. गाडीवर ट्रिपल सीट आलेली, हातात मोबाईल असलेली, ‘चल, बघून तर येऊ’ म्हणून निघालेली.

वडवणीच्या पोरांना हे लांबून समजावून सांगायची गरज नाही. आपला तालुका माजलगाव विधानसभा मतदारसंघात येतो आणि ३० ऑक्टोबर २०२३ चा दिवस इथं अजून कुणी विसरलेलं नाही. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुरू होतं. आमदार प्रकाश सोळंके यांच्या नावानं एक ऑडिओ क्लिप मोबाईलवर फिरली आणि त्यांच्या माजलगावच्या बंगल्यावर जमाव चालून गेला. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, बंगल्याला आग लागली. आमदार त्या वेळी घरातच होते. माजलगावची नगर परिषद पेटवली गेली. बीडमध्ये आमदार संदीप क्षीरसागर यांचं घर, राष्ट्रवादीचं कार्यालय आणि एक हॉटेल आगीत सापडलं. मग संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, आणि सीसीटीव्हीचं फुटेज नि व्हायरल व्हिडिओ बघून धरपकड सुरू झाली. शंभरहून जास्त जणांना अटक झाली.

हा लेख आरक्षण मिळावं की नाही यावर नाही. कुठल्या समाजाचं चुकलं, कुणाचं बरोबर, यावरही नाही. मला बोलायचंय ते त्या ‘इतर’बद्दल. कारण गुन्हा दाखल होतो तेव्हा तो गर्दीवर होतो, पण कोर्टाची तारीख पडते ती एकट्याला. त्या तारखेला घोषणा देणारे सोबत येत नाहीत, क्लिप पाठवणारा ग्रुप अ‍ॅडमिन येत नाही, आणि ज्यांच्या नावानं घोषणा दिल्या तेही येत नाहीत. आई येते. फार तर एखादा मित्र येतो.

पाच जणांचा कायदा

सार्वजनिक शांततेविरुद्धचे गुन्हे नावाचं एक आख्खं प्रकरणच आपल्या फौजदारी कायद्यात आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ते आठवं प्रकरण होतं, कलम १४१ ते १६०. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात ते अकरावं प्रकरण झालं, कलम १८९ ते १९७. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. २०२३ च्या घटना जुन्या कायद्याखाली चालतात, आज काही घडलं तर नवा कायदा लागेल.

आता हा गाभा नीट समजून घेऊ, कारण सगळी गोम इथं आहे.

पाच किंवा जास्त लोक एकत्र आले आणि त्यांचा समान उद्देश बेकायदा असला, म्हणजे कुणाची मालमत्ता फोडायची, सरकारला बळानं झुकवायचं, पोलिसांच्या कायदेशीर कामात आडवं यायचं, तर तो बेकायदा जमाव. नुसतं त्यात असण्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद. ‘पांगा’ असा हुकूम झाल्यावरही जाणूनबुजून थांबलात, तर दोन वर्षांपर्यंत. जमावातल्या एकानंही त्या उद्देशासाठी बळ वापरलं की तो दंगा होतो आणि दंग्याचा गुन्हा जमावातल्या प्रत्येकावर बसतो. त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. स्वतःच्या हातात प्राणघातक हत्यार असेल, तर पाच वर्षांपर्यंत.

खरं जड कलम पुढंच आहे. पूर्वीचं १४९, आताचं १९०. ते म्हणतं की जमावाचा समान उद्देश साधताना जमावातल्या कुणीही गुन्हा केला, किंवा असा गुन्हा घडेल याची जमावातल्यांना कल्पना होती, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी. एखाद्याचं राहतं घर पेटवण्याच्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे काडी एकानं ओढली, तरी तिचा हिशोब सगळ्यांकडून मागितला जाऊ शकतो. सरकारी मालमत्ता जाळली तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा वेगळा लागतो. त्यात आगीनं केलेल्या नुकसानीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

अजून एक बारीक गोष्ट. मोर्चा निघाला तेव्हा तो पूर्ण कायदेशीर असला, परवानगी असली, तरी पुढच्या चौकात तोच जमाव बेकायदा होऊ शकतो. कायद्यात हे स्पष्टच लिहिलंय. म्हणजे सकाळी तहसीलवर निवेदन द्यायला निघालेला पोरगा दुपारी गैरकायद्याच्या मंडळीत मोजला जाऊ शकतो, आणि मधल्या काळात त्यानं स्वतः काहीच वेगळं केलेलं नसतं. जमावाचं रूप बदलतंय हे कळूनही तो तिथून निघाला नाही, एवढंच.

‘मी फक्त बघत होतो’

मग प्रश्न येतो, नुसतं बघायला गेलेल्याचं काय? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्येच ‘मसाल्ती विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या खटल्यात दिलंय. केवळ कुतूहलापोटी उभा असलेला बघ्या हा बेकायदा जमावाचा सदस्य होत नाही. पण जो सदस्य आहे, त्यानं स्वतः हात उचलला हे सिद्ध करायची गरजही नाही. आणि मोठ्या जमावाच्या केसमध्ये एकाच साक्षीदारावर न विसंबता दोन-तीन साक्षीदारांचं म्हणणं जुळतं का ते बघावं, असंही कोर्टानं सांगितलं.

ऐकायला बरं वाटतं. पण बघ्या कोण आणि सामील कोण, हे ठरतं कधी? अटकेच्या दिवशी ठरत नाही. ते ठरतं साक्षीपुरावे झाल्यावर, निकालाच्या दिवशी. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या वडोद गावच्या दंगलीच्या केसमध्ये सहा जणांना निर्दोष सोडलं. नुसतं घटनास्थळी असणं पुरेसं नाही, अशा केसमध्ये कोर्टानं फार जपून निर्णय द्यायला हवा, असं न्यायालयानं म्हटलं. घटना होती फेब्रुवारी २००२ ची. तेवीस वर्षं! वीस वर्षांचा माणूस त्रेचाळीस वर्षांचा झाला. ‘तू फक्त बघ्या होतास’ हे देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाकडून ऐकायला एवढा काळ गेला.

तिकडची गोष्ट इकडं आणून बघा. वडवणीच्या पोराचं वीस ते पंचवीस हे वय कशात जातं? पहाटे रस्त्यावर पळण्यात. पोलीस भरतीची मैदानी चाचणी असते, मुलांसाठी १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. त्याच्यासाठी दोन-दोन, तीन-तीन वर्षं बीडला रूम करून पोरं राहतात. घरचे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि तिकडून पैसे पाठवतात. मैदान निघतं, लेखी निघते, आणि मग येते चारित्र्य पडताळणी. ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? खटला प्रलंबित आहे का?’ त्या दोन ओळींसमोर पोरगा पेन धरून बसतो.

इथं पुष्कळ जण ‘नाही’ लिहून मोकळे होतात. तसं करू नका. २०१६ च्या ‘अवतार सिंग’ निकालात सर्वोच्च न्यायालयानं याचे नियम घालून दिलेत. माहिती लपवणं हेच नोकरी जायचं कारण होऊ शकतं, अगदी पुढं निर्दोष सुटलात तरी. उलट, लहान वयात घोषणाबाजी केल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, तर माहिती दडवल्याकडंही नेमणूक करणारं खातं आपल्या अधिकारात दुर्लक्ष करू शकतं, हेही त्याच निकालात आहे. पण ‘करू शकतं’ म्हणजे करेलच असं नाही, आणि ज्यात खोटं बोलणं चालत नाही अशी पहिली नोकरी कोणती असेल तर ती पोलिसांचीच. पासपोर्टचंही तसंच. केस चालू असेल तर अर्ज अडतो, कोर्टाची परवानगी आणावी लागते. ज्याला शिकायला किंवा कामाला बाहेरदेशी जायचंय, त्याच्यासाठी ही अजून एक चक्कर.

‘केस मागं घेतील की’

या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर असतं. ‘घाबरू नको, आंदोलनातल्या केसेस सरकार मागं घेतंच.’ प्रत्येक आंदोलनाच्या मागण्यांत गुन्हे मागे घ्या ही मागणी असते, आणि स्टेजवरून तसं आश्वासनही मिळतं. म्हणून पोरं निर्धास्त असतात.

आता यातलं खरं काय ते बघा. केस मागं घ्यायचा अधिकार मुख्यमंत्र्यांच्या एका सहीत नाही. सरकार ठरवतं, मग सरकारी वकील कोर्टात अर्ज करतो, आणि कोर्टानं संमती दिली तरच केस मागं जाते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ३६० आहे. महाराष्ट्रात राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्याच्या शासन निर्णयात अटी घातलेल्या आहेत. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाख रुपयांपेक्षा जास्त नसावं. आता पाच लाखांत काय बसतं? आजच्या भावात एक साधी चारचाकी जळाली तरी हिशोब त्याच्या पुढं जातो. एखादा बंगला किंवा नगर परिषदेची इमारत तर लांबच राहिली. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त पोरं अडकतात, नेमक्या त्याच दिवसाच्या केसेस या चौकटीत बसत नाहीत.

आणि कोर्ट काही नुसतं सही करायला बसलेलं नाही. २०१५ मध्ये केरळच्या विधानसभेत अर्थसंकल्पाच्या वेळी आमदारांनीच मोडतोड केली होती. पुढं सरकार बदललं आणि त्या केसेस मागं घ्यायला निघालं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साफ नकार दिला. आमदारांच्या केसमध्ये हे झालं, तर आपल्यासारख्यांनी स्टेजवरच्या आश्वासनावर किती भरवसा ठेवायचा?

म्हणून मला वाटतं, ‘गुन्हे मागे घेऊ’ हे वाक्य आपण टाळ्या वाजवायच्या वाक्यांतून काढून टाकायला पाहिजे. कुणी तसं म्हणालं तर विचारायला पाहिजे की कोणते गुन्हे, कोणत्या अटींवर, कोणत्या तारखेपर्यंत? यादी कुठं बघायला मिळेल?

‘शांततेनं कोण ऐकतं?’

हा प्रश्न मला गावाकडं आणि कॉलेजात कितीतरी वेळा ऐकायला मिळालाय, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. २०१६ मध्ये कोपर्डीच्या घटनेनंतर मराठा क्रांती मोर्चे निघाले. ऑगस्टमध्ये बीडमध्येही निघाला. लाखोंची गर्दी, पुढं मुली, घोषणा नाही, दगड नाही, मागं राहिलेला कचरा उचलणारे स्वयंसेवक. राज्यभर असे पन्नासच्या वर मोर्चे झाले. २०१८ मध्ये आरक्षणाचा कायदा आला आणि ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्यामुळं ज्यानं दहावीत असताना मूक मोर्चा बघितला, तो पदवीधर झाल्यावर म्हणतो की शांत राहून काय मिळालं? त्याचा राग खोटा नाही.

पण मग २०२३ चेच दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून बघू.

१ सप्टेंबर २०२३. अंतरवाली सराटीत उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांनी लाठीमार केला. त्या दिवसापर्यंत राज्यातल्या फार थोड्यांना त्या गावाचं नाव ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ते घराघरात पोचलं. जालन्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारच्या वतीनं क्षमा मागितली. उपोषणाला बसलेल्या माणसांवर लाठी का चालवली, या प्रश्नाचं उत्तर सरकारला द्यावं लागत होतं.

३० ऑक्टोबर २०२३. माजलगाव आणि बीड जळालं. दुसऱ्या दिवशी प्रश्न उलटा झाला. आता उत्तर आंदोलकांना द्यावं लागत होतं. खुद्द जरांगे यांना जाळपोळ थांबवा असं जाहीर आवाहन करावं लागलं. आरक्षणाचा मुद्दा बाजूला पडला आणि टीव्हीवर जळक्या गाड्या दिसू लागल्या.

दोन महिन्यांच्या आत एकाच आंदोलनाबाबत घडलेल्या या दोन गोष्टी आहेत. पहिल्या दिवशी आंदोलकांच्या हातात काही नव्हतं आणि सरकार अडचणीत होतं. दुसऱ्या दिवशी जमावाच्या हातात दगड आला आणि सरकारची अडचण संपली. एवढं बघून तरी ‘आग लावल्याशिवाय ऐकत नाहीत’ हे म्हणणं टिकत नाही. आग लावल्यावर ऐकायला जातं ते फक्त सायरन.

इतिहासातही हेच आहे. आपण शाळेत ‘दख्खनचे दंगे’ वाचलेत. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी बाजारात जमले आणि सावकारांची खतं-कागदपत्रं जाळली. तिथून लोण नगर जिल्ह्यात गेलं. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती. पुढं सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदाही आला. पण त्याआधी ९५१ लोक अटकेत गेले. कायदा झाला हे पुस्तकात राहिलं. त्या ९५१ जणांच्या घरी त्या सालची पेरणी कुणी केली, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

मागणी खरी असली म्हणजे कलम लागत नाही, असं होत नाही. हे कटू आहे, पण आपल्याला माहीत असलेलं बरं.

पोलिसांनाही दोन शब्द

सगळं शहाणपण पोरांनाच शिकवायचं आणि व्यवस्थेला मोकळं सोडायचं, हेही मला पटत नाही. घटनेच्या कलम १९ नं आपल्याला शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क दिलाय. तो हक्क वापरताना पोराला भीती वाटत असेल, तर दोष एकट्या पोराचा नाही.

पहिली गोष्ट, ते ‘अनोळखी इसम’. ही जागा महिनोन् महिने उघडी ठेवली, की ती गावागावात धाक दाखवायचं साधन होते. ‘तुझं पण नाव घालतो’ एवढं म्हटलं की पुरतं. त्यात निवडणुकीची दुश्मनी असते, बांधाचं भांडण असतं, जातीचा राग असतो. म्हणून कुणाला कशाच्या आधारावर धरलं, व्हिडिओत तो काय करताना दिसतो, हे प्रत्येकाबद्दल वेगळं लिहिलं गेलं पाहिजे. पेट्रोलची बाटली धरलेला आणि मोबाईल धरलेला एकाच ओळीत बसता कामा नये.

दुसरी गोष्ट, जमावबंदी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी आणि जमावबंदीचे आदेश निघतात. कलम ३७(३) चा आदेश एका वेळी पंधरा दिवसांपुरता असतो. सण, जयंत्या, निवडणुका, आंदोलनं आली की नवा आदेश येतो. बातमी कुठंतरी आतल्या पानावर चार ओळींत येते. ज्या पोरांवर तो मोडल्याचा गुन्हा पडणार, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. कॉलेजच्या नोटीस बोर्डवर आणि बसस्टँडवर हा आदेश साध्या मराठीत लावायला किती खर्च येतो?

आणि तिसरी गोष्ट वेळेची. ज्यांनी घरं पेटवली त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. त्या घरांतही बायकापोरं होती. पण ती शिक्षा लवकर व्हावी आणि ज्याचा संबंध नाही तो लवकर सुटावा. दहा वर्षं चालणाऱ्या खटल्यात पेटवणाराही मोकळा फिरतो आणि बघणाराही अडकून पडतो. मग दोघांत फरक राहतो कुठं?

आता आपलं काम

राहिलं आपलं. मी काही वकील नाही, पण मास कॉमला मीडिया लॉ शिकताना आणि हे सगळं वाचताना जे हाताला लागलं, ते सांगते.

आंदोलनाला जरूर जा. जाण्याआधी परवानगी आहे का, मार्ग कोणता, आयोजक कोण, हे विचारा. ज्या मोर्चाला विचारायला एकही जबाबदार माणूस नाही, तो मोर्चा तुमच्या भरवशावर काढलेला असतो. आयोजक असाल तर स्वयंसेवकांची यादी करा, आणि कुणी दगड उचलला तर त्याला अडवणारी चार माणसं आधीच ठरवून ठेवा. २०१६ च्या मोर्चांना हे जमलं होतं, म्हणजे आपल्यालाही जमतं.

जमावाचा सूर बदलला, ‘चला रे त्याच्या घरावर’ असं कुणी ओरडलं, की तिथून निघा. लगेच निघा. व्हिडिओ काढायला थांबू नका. तुम्ही तिथं होता याचा पहिला पुरावा तुमचाच मोबाईल असतो. मग ती रील स्टेटसला लावणं म्हणजे पोलिसांचं काम सोपं करणं. निघून गेलात हे दाखवता आलं, तर तोच पुढं तुमचा बचाव असतो.

क्लिप पुढं पाठवताना थांबा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून आठवडी बाजारात जमावानं पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टानं सात जणांना जन्मठेप दिली. त्या पाच जणांना मारताना जमावातल्या कुणीही खात्री करून घेतली नव्हती. दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर टाकला, तर आताच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून त्यातून सुटका होईल, हे गृहीत धरू नका.

नाव आलंच, तर पळू नका. एफआयआरची प्रत मिळवा. संवेदनशील केस सोडली तर ती चोवीस तासांत वेबसाईटवर टाकण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये दिलेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस थेट अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. ती आली तर दिलेल्या दिवशी वकिलाला घेऊन हजर व्हा. अटक झाली तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं बंधनकारक आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते. आई-बापाचे ऊसतोडीचे पैसे दलालाच्या हातात देण्याआधी तिथं जा.

आणि शेवटची गोष्ट कॉलेजांना. एनएसएसच्या शिबिरात आपण झाडं लावतो, रस्ते झाडतो. त्याच सात दिवसांत एक तास वडवणीच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाला बोलवा आणि कलम १८९ ते १९७ समजावून सांगायला लावा. पोरींनाही बसवा. मोर्चात पुढं त्याच असतात, आणि घरातला भाऊ अडकला की तारखांना जाणंही बहुतेकदा त्यांच्याच वाट्याला येतं. एका तासात कुणी वकील होणार नाही. पण पुढच्या वेळी ‘चल, बघून तर येऊ’ म्हणत कुणी गाडीला किक मारली, तर मागं बसणारा निदान विचारेल की कुठं चाललोय, कोण बोलावतंय, आणि तारखेला सोबत कोण येणार?